साडीगार्डपासून सायलेन्सरपर्यंत
मोटरसायकलला वरून काही बसवणं म्हणजे आजकालच्या पोरांची हौस, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. उदाहरणार्थ, तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. भोवती संत्रा आणि कापूस. अशा मुलखात राजदूत, येझदी आणि 1985 नंतर हिरो होंडा सीडी 100 कुटुंबाच्या आणि शेताच्याही गाड्या झाल्या. साडी चाकात अडकू नये म्हणून जाळी, पोत्यासाठी लोखंडी कॅरिअर, उन्हात तापणाऱ्या सीटवर कापडी कव्हर, ही सगळी भर गरजेपोटी पडली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही मागच्या स्वारासाठी हँडल, पायदान आणि अर्धं चाक झाकणारं आवरण सक्तीचं केलं.

मग रंगीत गोंडे, रेडियमची नक्षी कशासाठी, असं कुणी विचारेल. पण रेक्झिनचं सीट शिवणारा कारागीर फोम जाड घालतो आणि कडेला वेगळ्या रंगाची पायपिंगही त्याच हाताने मारतो; सोय आणि शोभा तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत. कर्कश सायलेन्सरचं समर्थन मात्र मी करणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल अशा बदलांना मनाई करतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं.