गंगापूर ते चिआंग माई



नाशकातून पश्चिमेकडे गंगापूरची वाट धरली म्हणजे आधी आनंदवल्ली लागते व पुढे गंगापूर. शाळेत असताना मी मुलांची सहल तिकडे नेत असे आणि नदीकाठी बसवून त्यांना गोपिकाबाईंची हकीकत सांगत असे. त्या वेळी ती हकीकत मला राजकारणाची वाटे. गेल्या तीन वर्षांत ती मला घरगुती वाटू लागली आहे. तसे का, हे पुढे ओघाने येईलच.

गोपिकाबाई म्हणजे रास्ते घराण्याची कन्या व नानासाहेब पेशव्यांची पत्नी. १७६१ च्या जानेवारीत थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर निवर्तले, आणि सोळा वर्षांच्या माधवरावाकडे पेशवाईची वस्त्रे आली. आईने कारभारात लक्ष घातले. मुलाला ते मानवेना. १७६३ त निजामाच्या फौजेने पुणे लुटले. त्या प्रकरणी बाईंच्या माहेरच्या माणसास झालेला दंड माफ करण्याचे माधवरावाने नाकारले आणि मायलेकांचे फाटले, अशी कथा सांगतात. तेवढे एकच कारण असेल असे मला वाटत नाही. घरातल्या फाटाफुटीला एकच कारण क्वचित असते. काही असो, बाईंनी पुणे सोडले व त्या गंगापुरास येऊन राहिल्या. पुढे १७७२ त माधवराव थेऊरास वारला आणि १७७३ त नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलांमागे ही माता उरली व १७८८ त तिने नाशकासच देह ठेवला.

मुलाने आईला दूर केले, की आईच मुलावर रुसून दूर गेली? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. नातू सवाई माधवराव याने कसे वागावे म्हणून विचारले, तेव्हा बाईंनी त्याला रोजची दिनचर्या तपशीलवार लिहून पाठविली. ते पत्र प्रसिद्ध आहे. म्हणजे घर सुटले, मुले गेली, तरी स्मरण सुटले नव्हते. आणि जेथे त्या राहिल्या तेथली नदी, भाषा, देवदेवता, स्वयंपाक, सारे ओळखीचेच होते. अंतर पडले ते कोसांचे.

उतारवयात घर सोडून क्षेत्री जाऊन राहावे, ही आपली जुनी चाल. दक्षिणेतील कितीतरी कुटुंबांतील वृद्ध काशीस जाऊन राहिले; ज्यांना तितके लांब जाणे झेपत नसे ते आमच्या पंचवटीत बिऱ्हाड करीत. परंतु हा वास धडधाकट मनाने पत्करलेला असे. ज्याला आपण कोठे आहो हेच कळत नाही, त्याला कोणी क्षेत्रवासास धाडीत नसे. तो घरीच असे, ओसरीवर किंवा माजघरात. 'म्हातारचळ' म्हणून लोक त्याकडे काणाडोळा करीत, आणि त्याच्यामागे दिवसरात्र धावण्याचे काम घरातील सुना करीत. जुन्या एकत्र कुटुंबाची आपण जी थोरवी गातो, तिच्यातला फार मोठा वाटा या सुनांच्या उजागऱ्यांचा आहे, आणि इतिहासाने त्यांची नोंद ठेवलेली नाही.

इंग्रजी अमलात संस्था आल्या. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार वृद्धांचे आश्रयस्थान उभे राहिले; आज त्यास 'निवारा' म्हणतात. १८५८ त वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, १९०१ त ठाण्याचे मनोरुग्णालय निघाले आणि १९१२ त नवा कायदा आला. त्याच्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी व पुढे बुद्धी ढळलेला, असे दोघेही एकाच शब्दाखाली बसविले होते. योगायोग असा, की त्याच सुमारास जर्मनीत या दुखण्याची खरी ओळख पटत होती. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी तिची टिपणे ठेविली, १९०६ त ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि १९१० त क्रेपेलिन यांनी या रोगास त्यांचे नाव दिले. आपल्याकडे 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेतला; तेथे तो क्रोधातून ओढवणारा दोष आहे. रोगात क्रोध रुग्णाला येतो त्यापेक्षा पुष्कळदा सांभाळणाराला येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आता घरचे. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. दिवेलागणीला ती पदर सावरते आणि मला म्हणते, "मला घरी पोहोचवा, आमची माणसे वाट पाहत असतील." घर म्हणजे तिचे सिन्नरचे माहेर. ते विकूनही चाळीस वर्षे झाली. गेल्या आषाढात ती एकटीच बाहेर पडली. दोन तासांनी रामकुंडावर एका फुलवालीने तिला बसवून ठेविलेली सापडली. त्या रात्री मी दाराला बाहेरून कुलूप लावले आणि तिच्यावर ओरडलो. ती भ्याली, पण कोणाला भ्याली हे तिला समजले नाही.

माझा धाकटा बंधू इंग्लंडात असतो. त्याने फोनवर सांगितले, "दादा, तू सासष्ट वर्षांचा, तुला कोण उचलणार? तिला इकडे आणू. घराजवळच चांगले शुश्रूषागृह आहे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण चौकशी करता आढळले ते चमत्कारिक. २०१२ च्या जुलैपासून तेथील नियम असा, की अशा आईस आणावयाचे तर तिला लागणारी शुश्रूषा मायदेशी मिळतच नाही, किंवा ती परवडत नाही, हे मुलाने सिद्ध करावे आणि तेथील तिचा सर्व भार सरकारी मदतीशिवाय उचलावा. म्हणजे माझ्यासारखा भाऊ नाशकात आहे, हाच अर्जातील मोठा दोष ठरावयाचा! इकडे आपला २००७ चा कायदा परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकासही आईबापांच्या पोषणास बांधून ठेवतो. एक कायदा म्हणतो सांभाळा, दुसरा म्हणतो आणू नका.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मोठे लक्षात राहण्यासारखे आहे. मार्टिन वूटली हे स्विस गृहस्थ पूर्वी थायलंडात काम करून आले होते. वडिलांच्या मृत्यूनंतर स्मृती गेलेल्या आईस घेऊन ते चिआंग माईस गेले, आणि २००३ त तेथे त्यांनी अशा रुग्णांसाठी घर काढले. युरोपातील माणसे आपले आईबाप तेथे ठेवतात. खर्च स्वित्झर्लंडापेक्षा बराच कमी, आणि प्रत्येकाच्या दिमतीला पाळीपाळीने स्वतंत्र सेविका. भाषा कळत नाही, पण हात धरून चालविणारे माणूस जवळ असते. यावर टीका करणे सोपे आहे. तथापि दार बंद करून ओरडणारा मुलगा आणि भाषा न कळता हात धरणारी परकी बाई, यांत आईला कोण हवेसे वाटेल, हे सांगण्याचा अधिकार मला त्या आषाढातल्या रात्रीनंतर उरलेला नाही.

आमच्यापुरते आम्ही असे ठरविले, की आईने येथेच राहावे. बंधू पैसे पाठवितो; दोन बाया दिवसरात्र पाळीने असतात. त्यांतली एक सिन्नरकडचीच निघाली, आणि आईला तिची बोली समजते. तांबट आळीतून कोठे ठोक्याचा आवाज आला की दोघी थांबून ऐकतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात या दुखण्याची सुमारे ८८ लाख माणसे आहेत. त्यांतील बहुतेकांच्या घरी परदेशचा पैसाही येत नाही आणि बायाही नाहीत, हे मी विसरत नाही.

कार्तिकात मी आईला पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नेले. नाशकाच्या उपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्पिढ्यांची नावे असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यांनी रिवाजाप्रमाणे गाव व कुळ विचारले. आईने माहेरचे सांगितले. त्यांनी न हसता ते ऐकून घेतले व आमचे पान काढले. आजोबांच्या अस्थी घेऊन आले असता वडिलांनी तेथे घरातील सर्वांची नावे लिहिलेली होती. आईने अक्षरावर बोट ठेविले आणि म्हणाली, "हे आमच्या घरातल्यांचे अक्षर." मग माझ्याकडे पाहून तिने उपाध्यायांस सांगितले, "मला आणणारे हे गृहस्थ भले आहेत, यांचेही नाव घाला." माझे नाव त्याच पानावर, तिच्या नावाखाली होते.