जात आणि सवार : मनसबदारीतील दुहेरी दर्जा

अकबराच्या काळात आकाराला आलेल्या मनसबदारीत, म्हणजे मुघल सरदारांच्या दर्जाव्यवस्थेत, उत्तरोत्तर प्रत्येक सरदाराच्या नावापुढे दोन आकडे लिहिले जाऊ लागले : ‘जात’ या आकड्याने त्याचा व्यक्तिगत दर्जा आणि वेतन ठरे, तर ‘सवार’ या आकड्याने त्याने बाळगावयाच्या घोडदळाचे प्रमाण ठरे. या दोहोंच्या मेळातून तिसरी गोष्ट, म्हणजे श्रेणी, निघत असे. सवार जातीइतके असल्यास पहिली, निम्मे वा अधिक असल्यास दुसरी आणि निम्म्याहून कमी असल्यास तिसरी, त्यामुळे पाच हजार जात व तीन हजार सवार असलेला मनसबदार पंचहजारी असूनही दुसऱ्या श्रेणीत बसे. मान आणि लष्करी जबाबदारी यांची अशी फारकत केल्याने बादशहाला एखाद्याची प्रतिष्ठा कायम ठेवून त्याच्या फौजेचा आकडा बदलता येई, आणि हेच या पद्धतीचे खरे सामर्थ्य होते. तरी कागदावरील सवार प्रत्यक्षात हजर असतीलच असे नव्हते, म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरे, म्हणजे शारीरिक वर्णन, नोंदविण्याची व्यवस्था करावी लागली.

शिवाजी महाराजांच्या पागेतील, म्हणजे सरकारी घोडदळातील, दर्जे मात्र थेट माणसांच्या संख्येवर उभे होते : पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरील स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी, म्हणजे हजारी म्हणविणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्यक्षात 1,250 बारगीर येत.