न दिसणाऱ्याचा आधार

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, वारा दिसत नाही, तरी मानतोच ना? मग देव का मानू नये?" प्रश्न जुनाच आहे. आपण तो उदयनाचार्यांपासून पाहू.

हे मिथिलेचे नैयायिक, १०व्या-११व्या शतकातले. प्रत्यक्षाखेरीज काहीच न मानणाऱ्या चार्वाकाला ‘न्यायकुसुमांजली’त ते विचारतात, की घराबाहेर पडलास की बायकापोरं दिसत नाहीत, मग ती गेलीच म्हणून रडत बसणार का? (वर्गात आम्ही हे सांगितलं की मुलं हमखास हसत.) जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्याला अर्थ. ईश्वर तशी वस्तू नाही.

पण याने नकार अडतो, इतकंच. होकार मिळत नाही. उदयनांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पाचव्या स्तबकात ईश्वराची साधक प्रमाणं वेगळी द्यावी लागली. पहिल्या स्तबकात त्यांनी ‘अदृष्ट’ सिद्ध केलं होतं: आजचं कर्म आणि पुढचं फळ जोडणारा, आत्म्यात राहणारा गुण. तो अचेतन, म्हणून त्याला चालवणारा चेतन कुणीतरी हवा, तो ईश्वर.

आता गंमत बघा. ७व्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट असंच न दिसणारं ‘अपूर्व’ मानतात. यज्ञ आज, स्वर्ग मेल्यावर. मधला दुवा अपूर्व. जगाचा कर्ता ईश्वर मात्र ते साफ नाकारतात, तेही वेद शिरोधार्य मानून! म्हणजे न दिसणारं दोघांनीही मानलं. वाद उरला तो, अचेतन गोष्ट आपली आपण फळ देते का, एवढ्यावर. वाऱ्याच्या उदाहरणात त्या श्रोत्याने हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.