नर्सबाईंचा अर्धा तास

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ पासून तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पुढं आमच्या मेढ्यातही ते मिळू लागलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो.

आईच्या पायाला मोठं गळू झालं होतं. नर्सबाईंनी आधी हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध टोचलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

"बाई, द्या की टोचून, कशाला खोळंबा?" वडील म्हणाले.

अर्ध्या तासात तिथं गांधी उठली. बाईंनी केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलीन नको'. डॉक्टरांनी औषध बदललं.

१९२८, फ्लेमिंग, बुरशी हे मी वर्गात अनेकदा शिकवलं. नर्सबाईंचा तो अर्धा तास पुस्तकात नव्हता. आई मात्र पुढं चाळीस वर्षं जगली.