नऊ नंबरचा खेळाडू जागेवर नव्हता

आज आपण मुख्यतः एकाच सामन्याबद्दल बोलणार आहोत, पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. गोल करणारा खेळाडू बचावपटूंना पाठ झाला, की त्याने काय करायचं?

सुरुवात १९२५ पासून करू. त्या वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आधी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. साहजिकच गोल धडाधड होऊ लागले. उपाय म्हणून संघांनी मधल्या हाफला मागे खेचून बचावात उभं केलं. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलमुळे ही रचना गाजली. पुढे पाठीवर नंबर आले आणि हिशोब आणखी सोपा झाला: पाच नंबरने नऊ नंबरला धरायचं. म्हणजे बघा, स्ट्रायकर चेंडूला पाय लावण्याआधीच अर्धा ओळखला गेलेला असे, कारण तो कुठे उभा राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता २५ नोव्हेंबर १९५३, लंडनचं वेम्बली. इंग्लंड विरुद्ध हंगेरी. ब्रिटिश बेटांबाहेरचा कोणताही संघ तोवर इंग्लंडला त्यांच्या घरी हरवू शकला नव्हता. हंगेरीचा नऊ नंबर होता नांडोर हिदेगकुटी आणि त्याला धरायचं काम हॅरी जॉन्स्टनकडे होतं. पण हा नऊ नंबर पुढे थांबतच नव्हता. तो मैदानाच्या मध्याकडे सरकायचा, तिथून चेंडू खेळवायचा आणि मनात आलं की अचानक पुढे घुसायचा. पहिल्याच मिनिटाला त्याने गोल केला. एकूण तीन केले. सामना ६-३.

जॉन्स्टनची अडचण समजून घेऊ. तो हिदेगकुटीमागे गेला, तर मागे भगदाड पडायचं आणि तिथे पुष्काश व कोचिश टपलेलेच. जागेवर थांबला, तर हिदेगकुटी मोकळा. दोन्ही उत्तरं चुकीची! तो जॉन्स्टनचा इंग्लंडकडून शेवटचा सामना ठरला.

आपल्याला वाटेल, ही तर चकित करण्याची युक्ती, एकदाच चालणार. पण २३ मे १९५४ रोजी बुडापेस्टला तेच दोन संघ पुन्हा भेटले. इंग्लंडला आता सगळं माहीत होतं. निकाल? ७-१, हंगेरीच्याच बाजूने. म्हणजे नुसतं माहीत असून भागत नाही. हिदेगकुटीची ताकद लपवाछपवीत नव्हती. बचावपटूला निवड करायला लावायची आणि त्याच्या निवडीनंतर आपण ठरवायचं, ही ती ताकद. आणि ती एकट्याची नव्हती. पुष्काश, कोचिश त्या मोकळ्या जागेत धावले नसते, तर तो केवळ मागे राहिलेला स्ट्रायकर ठरला असता.

मग यावर तोड निघाली का? निघाली, आणि लवकरच. ४ जुलै १९५४, बर्न, विश्वचषकाचा अंतिम सामना. पश्चिम जर्मनीने हिदेगकुटीचं काम हाफ म्हणून खेळणाऱ्या होर्स्ट एकेलकडे दिलं. त्यासाठी मधल्या बचावपटूला जागा सोडावी लागली नाही, म्हणजे जॉन्स्टनपुढचा पेचच उरला नाही. हंगेरी आठ मिनिटांत २-० ने पुढे होती, तरी ३-२ ने हरली. पाऊस होता, पुष्काशचा घोटा दुखावलेला होता. सगळं श्रेय एका डावपेचाला देता येणार नाही. तरीही एक गोष्ट दिसते: काल जे अनपेक्षित होतं, त्याच्यासाठी आज एक माणूस नेमलेला होता.

पुढे २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनाने मेस्सीला मधोमध ठेवून असंच मागे सरकू दिलं आणि रेआल माद्रिदला ६-२ ने हरवलं. त्या दिवशी रेआलच्या मधल्या बचावपटूंसमोर जॉन्स्टनचाच प्रश्न होता: मागे जायचं की थांबायचं?

तेव्हा पुढचा सामना बघताना आपण थोडा वेळ चेंडू सोडून देऊ आणि मधल्या बचावपटूकडे पाहू. तो निवांत उभा असेल, तर समजायचं, समोरचा स्ट्रायकर त्याला पाठ झालेला आहे.