माती किती वाजता?

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. इंग्लंड पाहून मायदेशी निघालेले, वाटेत आजार बळावला. सोबतच्या मंडळींना दहनच करायचं होतं; इटलीत मात्र त्याची ना रीत होती ना सोय. ब्रिटिश वकिलातीने खटपट केली, शहराने अपवाद म्हणून परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. आज तिथे महाराजांची छत्री आहे आणि शेजारचा पूल ‘हिंदी माणसाचा’ म्हणून ओळखला जातो. पुढे १८७६ मध्ये मिलानला दाहगृह सुरू झालं. ब्रिटनमध्ये १८८४ साली न्यायालयाने दहन हा गुन्हा नाही असं ठरवलं आणि त्याचा रीतसर कायदा व्हायला १९०२ उजाडलं. फ्लॉरेन्सच्या चितेमुळेच हे सगळं घडलं असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण युरोपाला जे विचित्र वाटत होतं ते तीस-चाळीस वर्षांत कायद्यात बसलं, हे खरं.

हे आठवायचं कारण, आता विचित्र वाटण्याची पाळी आपली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने मे २०१९ मध्ये मृतदेहाचं खत करायला परवानगी दिली. १ मे २०२० पासून कायदा लागू झाला. पाठोपाठ कोलोरॅडो, ओरेगन, व्हरमाँट, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशी रांग लागली. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या भुकूमसारख्या गावात ही बातमी वाचून दाखवली तर पहिला शब्द निघेल ‘शी!’ दुसरा बहुधा ‘अमेरिकन थेरं!’ पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरा मात्र चुकीचा आहे.

पुणे जिल्ह्यातच पाहा. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथे मेलेल्यांना गावाबाहेर नेत नसत. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवत, आणि घोट्याखाली पावलं तोडत. उठून चालायला लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. एका माणसाची पावलं मात्र शाबूत सापडली: त्याला चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेलं होतं. मानाचा माणूस असावा.

बसवून पुरणं इथे थांबलं नाही. लिंगायत आजही तसं करतात, नाथपंथी आणि गोसावी समाधी देतात, महानुभाव निक्षेप म्हणजे दफन करतात, संन्याशाला जाळत नाहीत, दात न आलेल्या बाळालाही नाही. म्हणजे ‘हिंदू म्हणजे दहन’ हे समीकरण अर्धंच खरं. समाधीत मीठ घालण्याची रीत काही पंथांत आहे, आणि खताच्या दृष्टीने ती उलटी, कारण मीठ कुजणं रोखून धरतं. तेव्हा जुनं ते सगळं पर्यावरणस्नेही होतं असं म्हणायचीही सोय नाही.

आता खताकडे. अमेरिकेत एका पोलादी पेटीत देहाभोवती लाकडाचा भुसा, पेंढा आणि लसूणघास घालतात. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधतात, हवा खेळती ठेवतात. मग जिवाणूच ढीग तापवतात. सलग तीन दिवस ५५ अंशांवर राहिला की रोगजंतू मरतात. महिना-दीड महिन्याने हाडं यंत्रात बारीक करून पुन्हा मिसळतात आणि सगळं आणखी काही आठवडे मुरू देतात. हाती येते साधारण २७ घनफूट माती. ढीग रचायचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तिच्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या शेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे आजोबा झाले, वाडांचं नाव कृषी महाविद्यालयांतही क्वचित ऐकू येतं. पुढे पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदात तेच काम कमी शेणात करून दाखवलं. ‘नाडेप’ म्हणून तो हौद शेतकऱ्यांना पाठ आहे.

मेलेल्या जनावरापर्यंत हे शास्त्र नेलं ते अमेरिकन शेतकऱ्यांनी. आधी कोंबड्या, मग अख्ख्या गाई ते भुशाच्या ढिगात जिरवू लागले. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या कॅट्रिना स्पेड यांच्या कानावर ते आलं आणि माणसाबद्दलचा प्रश्न तिथून उभा राहिला. मृदाशास्त्रज्ञ लिन कारपेंटर-बॉग्ज यांनी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सहा देहांवर प्रयोग केला आणि मग विधिमंडळ हललं. क्रम लक्षात घ्या: कोंबडी, गाय, माणूस, कायदा.

भुकूममध्ये काय करावं लागेल? महाराष्ट्रात अशी परवानगी देणारा कायदा नाही. पण दहन-दफनभूमीची देखभाल ग्रामपंचायतीच्या कामांत आहेच, आणि देहाचं तिसरं काही करण्याला कायद्याने जागा देण्याचा दाखलाही आहे: १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यावर आजचं देहदान उभं आहे. कायद्याचं मी फार मनावर घेत नाही. गाडं अडेल ते सावडण्यापाशी. गावात कुणी गेलं की ‘माती किती वाजता?’ असा फोन येतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला कावळा, तेराव्याला गोडाचं जेवण. दोन-अडीच महिन्यांनी माती मिळेल म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायचं काय? राखेची जागा लोक बदलतात, हे मात्र दिसतं. कोल्हापूर-सांगलीकडे कित्येक घरांनी रक्षा नदीत न सोडता शेतात, झाडांच्या आळ्यात घालायला सुरुवात केली आहे. भुकूमच्या खाटपेवाडीतून निघणारी रामनदी पाषाणपर्यंत पोहोचताना कोणत्या रंगाची होते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ती पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

आणि जमीन? २७ घनफूट माती म्हणजे शेकडो किलो. पौड रस्त्यालगत गुंठ्यांनी जमीन विकून फ्लॅटमध्ये गेलेल्या घराने ती टाकायची कुठे? वॉशिंग्टन राज्यात कित्येक कुटुंबं ती राखीव जंगलाला देऊन टाकतात. इथे वनखात्याच्या डोंगरावर आजोबांना पसरायला परवानगी मागणं हा स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे. शिवाय तिकडे देहाचं खत करायला काही हजार डॉलर पडतात. तिकडची कार्बनबचतीची आकडेमोड गॅसच्या दाहगृहाशी आणि शवपेटीशी तुलना करून केलेली. आपल्याकडची तुलना तीन-चारशे किलो लाकडाशी, शेणींशी आणि विद्युतदाहिनीशी करावी लागेल. ती कुणी मांडल्याशिवाय ‘पर्यावरणस्नेही’ हा शिक्का मी तरी मारणार नाही.

म्हणून सुरुवात गाईपासून व्हावी असं मला वाटतं. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं संपल्यावर मेलेलं जनावर उचलायला कुणी उरलं नाही; २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत गेलेल्या गाईंसाठी खड्डे खणताना शेतकरी मेटाकुटीला आले. मुळशीच्या पावसाळ्यात तो खड्डा पाण्याने भरतो. पंचायतीने पत्र्याच्या शेडखाली भाताचा पेंढा आणि भुसा घालून एक जनावर जिरवून पाहावं, थर्मामीटर खुपसून रोजचा आकडा फळ्यावर लिहावा. त्या ढिगाचं खत कुणी आपल्या भाताच्या खाचरात घातलं तर माणसांबद्दल बोलायला ग्रामसभा बोलावता येईल. नाही घातलं, तर कायद्याचा मसुदा लिहायची घाई नको.