पावणेतीनपर्यंतची रात्र

16 मार्च 2007, शुक्रवार
बांगलादेशात खुलन्याजवळ रस्त्यावरच्या अपघातात मंजुरल राणा गेला. वय 22. कसोटी खेळलेला पोरगा, मश्रफे मुर्तझाचा जिवलग मित्र. दुसऱ्या दिवशी मश्रफे विश्वचषकात भारताविरुद्ध नवा चेंडू हातात घेणार होता. आम्हा महाडकरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

17 मार्च, शनिवार, संध्याकाळी 5
एमआयडीसीतली पहिल्या पाळीची माणसं कधीच घरी पोचली होती. रात्रपाळीवाले मात्र बदली कोण देतंय याची चौकशी करत फिरत होते. बाजारात जिंकणार की हरणार, हा प्रश्नच कुणी काढत नव्हता. बोलणं चालायचं ते किती धावांनी, यावर. मागच्या विश्वचषकाचे आपण उपविजेते. आठवड्यापूर्वी सराव सामन्यात वेस्ट इंडिजला 85 धावांत गुंडाळलेलं. बांगलादेशनेही सरावात न्यूझीलंडला हरवलं होतं, पण ती बातमी आम्ही वाचून सोडून दिली.

खरी मेख स्पर्धेच्या रचनेत होती. चार संघांचा एक गट, प्रत्येकाला तीनच सामने, त्यातून दोन संघ पुढे. एक सामना गेला की दुसरा चुकवायची सोय नाही. क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या माणसाने हे आधी मोजायला हवं होतं, आणि आम्ही सगळे प्रेम करणारेच होतो.

6.45
पोलादपूरहून आतेभावाचा फोन.
"दादा, लाइट गेली इकडं."
"आत्ता? मॅच सुरू व्हायला पंधरा मिनिटं राहिलीत!"
"भारनियमनाला कुठली मॅच! पण मिनिडोर रिक्षाची बॅटरी काढलीय, छोटा टीव्ही लावतोय. तू फोन चालू ठेव."
ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, बॅटरीच्या दोन टोकांना चिमटे लावलेल्या वायरी आणि ओसरीवर आळीतली वीसेक माणसं. त्या वर्षांत तालुक्यातल्या गावांनी कितीतरी सामने असेच पाहिले. बॅटरी उतरत आली की चित्र कडांनी आक्रसायला लागतं. तेवढं झालं की पुढची बॅटरी शोधायची.

7.00
पोर्ट ऑफ स्पेनला सकाळचे साडेनऊ. द्रविडने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मला निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो.

7.15 च्या आसपास
सेहवाग 2 धावांवर त्रिफळाचीत. गोलंदाज मश्रफे.

8 वाजून गेले
उथप्पा गेला, मग 7 धावांवर सचिन. रझाकचा चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आणि तिथून यष्टिरक्षक मुश्फिकुरच्या हातात. 3 बाद 40. महाडच्या आमच्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. द्रविडही 14 वर गेला, 4 बाद 72.

9.00 ते 10.00
हा तास आशेचा. गांगुली आणि युवराज यांनी 85 धावा जोडल्या. गांगुलीच्या 129 चेंडूंतल्या 66 धावांवर पुढे बोट ठेवलं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. समोरून माणसं जात असताना एक टोक त्यानेच धरलं होतं. 4 बाद 157. 220 डोळ्यांसमोर दिसत होते, आणि तेवढ्यात सामना निघाला असता.

10.00 नंतर
माझ्या हिशेबाने सामना गेला तो इथे. युवराज 47 वर, पाठोपाठ गांगुली, मग धोनी, हरभजन, आगरकर. शेवटच्या तिघांचा मिळून भोपळा. 157 वरून 159 पर्यंत येताना पाच गडी. पोलादपूरच्या फोनवर कुणी बोलेनासं झालं. मग आतेभावाने एकच विचारलं, "दादा, आमचं चित्र बिघडलंय का? स्कोअर बरोबर दिसतोय ना?" बरोबरच होता. श्रीरामपूरचा झहीर आणि मुनाफ यांनी शेवटी 32 जोडल्या, म्हणून सर्वबाद 191 तरी झाले. मश्रफेचे चार बळी.

मध्यरात्र
तमीम इक्बाल. अठरा पूर्ण व्हायला तीन दिवस कमी. झहीरला पुढे सरसावून त्याने षटकार मारला, तेव्हा माझ्या शेजारचा, परीक्षेचा अभ्यास सोडून आलेला मुलगा उठून घरी गेला. तमीमच्या 51 धावा 53 चेंडूंत. हायवेवर मुंबईहून आलेली एसटी थांबली की खिडक्यांतून हाक येई, "काय झालं?" उत्तर द्यायला कुणी पुढे होत नव्हतं.

1 ते 2.30
दोन गडी लागोपाठ मिळाले, पुन्हा माणसं सरसावून बसली. पण मुश्फिकुर आणि शाकिब, दोघंही विशीच्या आतले, घाई न करता एकेक धाव काढत राहिले. शाकिब 53 करून गेला तोवर काम झालं होतं.

2.45 च्या सुमारास
मुश्फिकुर नाबाद 56. बांगलादेश 5 बाद 192, नऊ चेंडू शिल्लक. पाच गडी राखून.

18 मार्च, सकाळ
आयर्लंडने पाकिस्तानला हरवल्याची बातमी आली, पण तिने आमचं दुःख हलकं झालं नाही. रांचीत धोनीच्या बांधकाम सुरू असलेल्या घराची मोडतोड झाली. ते वाचून पराभवापेक्षा जास्त वाईट वाटलं. रात्रभर जागलेल्या माणसाला रडायचा हक्क आहे, दुसऱ्याच्या भिंती पाडायचा नाही. मंजुरल राणाचं त्या दिवशी कळलं. बांगलादेशच्या खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती का होत्या आणि मश्रफे कुणासाठी इतका जीव तोडून धावत होता, ते उलगडलं.

दुपारी आतेभाऊ पोलादपूरहून आला तो वही घेऊन. बर्म्युडाला किती फरकाने हरवायचं, श्रीलंकेशी काय करायचं, धावगती कुठे न्यायची, सगळं मांडून. बर्म्युडाचं त्याचं गणित जमलं: 413 धावा, 257 नी विजय. 23 मार्चला श्रीलंकेने 69 धावांनी हरवलं आणि आपण गटातच बाहेर पडलो.